खेळाला बोटं दिसत नाहीत

माझ्या डाव्या हाताच्या अनामिकेला टोकाचं पेर नाही. नख असायला हवं त्याच्या अलीकडेच बोट संपतं, आणि त्या टोकावर गुळगुळीत, किंचित गुलाबी कातडं आहे. नाशिकला थंडी पडायला लागली की घरात सगळ्यांच्या आधी ते त्या कातड्याला कळतं. डिसेंबरात सकाळच्या शिफ्टला सिडकोतून अंबडकडे गाडी काढली की पाच मिनिटांत टोक ठणकायला लागतं. कंपनीत पोचल्यावर मी चहाचा कप आधी त्या बोटाशी धरतो, मग ओठांशी.

सहा वर्षांपूर्वी मी पॉवर प्रेसवर होतो. एका रात्रपाळीत प्रेसनं एकाऐवजी दोन स्ट्रोक मारले आणि माझा हात तेव्हा आतच होता. त्याबद्दल याहून जास्त मला लिहायचं नाही. जखम भरली, मला प्रेसवरून क्वालिटीत घेतलं आणि हातात बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर दिला. लिहायचंय ते नंतरच्या हाताबद्दल, आणि त्या हाताला पुन्हा कामाला लावणाऱ्या खेळाबद्दल.

फिजिओथेरपीच्या मॅडमनी मला एक गोष्ट नीट समजावली होती. बोटं मिटणारे स्नायू कोपराखाली एकमेकांत गुंतलेले असतात. एक बोट वापरायचं सोडलं तर शेजारची दोन्ही बोटंही हळूहळू आखडत जातात. म्हणून रोज राजम्याचे दाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायचे, पिठाचा गोळा दाबायचा. मी महिनाभर केलं आणि सोडलं. दाणे उचलण्याला पुढची पायरी नसते. कालच्यापेक्षा आज काय जास्त जमलं ते कळत नाही, आणि हात नुसताच थकतो. दोन वर्षांनी करंगळीची मूठ पूर्ण मिटेना, तेव्हा मी खरा घाबरलो.

लेकीची गिटार दाराआड खुंटीला होती. आठवीत हट्ट करून घेतलेली, दहावीच्या वर्षी बाजूला पडलेली. एका रविवारी धूळ पुसायला म्हणून मी ती मांडीवर घेतली आणि डाव्या हाताची बोटं दांड्यावर ठेवून बघितली. चारही बोटं वेगवेगळ्या तारांवर जायला बघत होती. राजम्यापेक्षा हे बरं, एवढंच तेव्हा मनात आलं.

आधी रीतसर क्लास शोधला. कॉलेज रोडकडच्या एका क्लासमधल्या मुलानं माझा हात बघितला, दोन-तीनदा बोटं स्वतःच्या हातानं तारांवर ठेवून पाहिली. वयानं माझ्या पुतण्याएवढा. शेवटी म्हणाला, "काका, सी कॉर्ड तुमच्या हाताला नाही बसणार. तुम्ही कीबोर्ड का नाही घेत?" त्याच्या बोलण्यात दुखावण्यासारखं काही नव्हतं. कॉर्ड म्हणजे एकदम छेडायच्या सुरांचा जुडगा. त्याच्या पुस्तकात सी कॉर्डला पाचव्या तारेवर अनामिका लिहिली होती, आणि माझी अनामिका तिथवर पोचत नव्हती. मी त्याला बरं म्हटलं आणि घरी आलो. त्या दिवशी मी जेवताना डावा हात टेबलाखाली ठेवला होता. बायकोनं ते पाहिलं, बोलली काही नाही.

रात्री लेक आली. "पप्पा, फोन द्या तुमचा," म्हणाली आणि पाच मिनिटांत एक खेळ त्यात टाकून दिला. फोन टेबलावर वाटीला टेकवून उभा केला. "तुम्ही वाजवा. तो माइकमधून ऐकतो."

ज्यांनी असा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. स्क्रीनवर सहा आडव्या रेषा असतात, त्या सहा तारा. उजवीकडून आकडे घरंगळत येतात. आकडा शून्य असेल तर खुली तार, तीन असेल तर तिसरा पडदा. दांड्यावरच्या आडव्या पट्ट्यांना गिटारवाले फ्रेट म्हणतात, आमच्याकडे सतारीला आणि वीणेला पडदेच असतात, म्हणून मी पडदाच म्हणतो. आकडा डावीकडच्या उभ्या रेषेला भिडला की त्याच क्षणी ती तार वाजली पाहिजे. वाजली तर ठिपका हिरवा. उशीर झाला तर पिवळा. वाजलीच नाही किंवा भलतीच वाजली, तर लाल, आणि खाली लिहून येतं, मिस.

पहिल्या संध्याकाळी माझ्या नावावर किती मिस पडल्या ते मी मोजलं नाही. पण झोपताना एक गोष्ट लक्षात आली. अपघातानंतर माझ्या हातून काही पडलं, सांडलं, चुकलं की आजूबाजूची माणसं घाईघाईनं म्हणायची, "राहू द्या, राहू द्या, आम्ही करतो." प्रेमानंच म्हणायची. त्या प्रेमाचा मला फार शीण यायचा. हा खेळ पहिला असा निघाला ज्यानं मला मिस म्हटलं आणि लगेच पुढचा आकडा पाठवला. पुढच्या आकड्याला मी तयार आहे की नाही हे त्यानं विचारलं नाही. जगातल्या कुठल्याही नवशिक्याला तो जसं म्हणतो तसंच मला म्हणाला.

मग तिसऱ्या आठवड्यात सी कॉर्ड आली.

मी खेळ थांबवला. तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या पडद्यावर. मधलं बोट चौथ्या तारेच्या दुसऱ्यावर. पाचवी तार, तिसरा पडदा, तिथं अनामिका हवी. तिच्याऐवजी मी करंगळी टाकली. करंगळी तिथवर जाताना आडवी पडते, खालच्या तारेला टेकते आणि ती तार बुजते. मी अंगठा दांड्यामागं खाली सरकवला. मनगट थोडं पुढं काढलं. कोपर अंगाजवळ आणलं. करंगळी उभी राहिली. एकेक तार छेडून बघितली. पाचवी वाजली, चौथी वाजली, तिसरी, दुसरी, पहिली. खेळ सुरू केला. आकडे आले. पाचही ठिपके हिरवे.

मी बराच वेळ त्या स्क्रीनकडे बघत बसलो. त्या खेळाला माझी बोटं दिसत नव्हती. त्याला फक्त नाद ऐकू येत होता. कुठलं बोट कुठं हे लिहिलेलं पुस्तक त्याच्यासमोर नव्हतं, आणि माझा हातही नव्हता. त्याचा प्रश्न एवढाच होता की सूर आला का, आणि वेळेवर आला का. आला होता.

त्यानंतर मी सगळ्या कॉर्ड माझ्या हातानं परत बांधल्या. ए मायनरला अनामिकेच्या जागी करंगळी. डीलाही तेच. ए मेजरला दुसऱ्या पडद्यावर एकट्या तर्जनीनं तीन तारा आडव्या दाबायच्या. ई मायनरला दोनच बोटं लागतात, ती तर मला देवानं दिल्यासारखी वाटली.

लेकीनं याच सुमाराला मला टोनी आयोमी या गिटारवादकाबद्दल सांगितलं. मी त्याचं संगीत ऐकणारा माणूस नाही, पण त्याची हकीकत मला पाठ आहे. इंग्लंडातल्या बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात होता. वय १७. नोकरीचा शेवटचा दिवस, आणि मशीननं उजव्या हाताच्या मधल्या बोटाची व अनामिकेची टोकं नेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. कारखान्याच्या फोरमननं त्याला एक रेकॉर्ड आणून ऐकवली. ती जँगो राइनहार्टची होती, १९२८ साली आगीत डाव्या हाताची दोन बोटं निकामी झालेला आणि उरलेल्या दोन बोटांवर सोलो वाजवणारा वादक. आयोमीनं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यावर चामडं चिकटवलं, तारा पातळ घेतल्या आणि पुढं त्या सैलही करायला लागला. त्याचा ब्लॅक सॅबथ हा बँड जगभर गाजला. प्रेसशॉपमध्ये काम केलेल्या माणसाला ही गोष्ट वाचताना मधेच उठून पाणी प्यावं लागतं. मला त्या फोरमनचं फार वाटतं. जखमी पोराकडं रेकॉर्ड घेऊन जायचं त्याला सुचलं.

तारा सैल करायच्या, हे मात्र मी त्या हकीकतीतून उचललं. अडचण एवढीच होती की सैल तार खाली बोलते आणि खेळाला ठरलेलाच सूर हवा असतो. उपाय क्वालिटीच्या टेबलावर सुचला. सहाही तारा एक स्वर उतरवायच्या आणि दुसऱ्या पडद्यावर कॅपो लावायचा. कॅपो म्हणजे तारा आडव्या दाबून धरणारा चिमटा. तिथून पुढं गिटार पुन्हा मूळ सुरात बोलते. खेळाला फरक कळत नाही, बोटांना मात्र कळतो. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे एक स्वर उतरवला की ताण सुमारे २० टक्क्यांनी कमी होतो. शिवाय पडदे जवळ येतात. माझ्या गिटारची नटपासून ब्रिजपर्यंतची, म्हणजे वरच्या टेकूपासून खालच्या टेकूपर्यंतची, तार ६५० मिलिमीटर आहे. दर पडद्याला उरलेली लांबी १.०५९५ नं भागली जाते, त्यामुळे पहिल्या पडद्यापासून तिसऱ्यापर्यंतचं अंतर जवळपास ६७ मिलिमीटर येतं. कॅपो लावून मोजलं तर त्याच आकाराला ६० मिलिमीटरच्या आतच हात पसरावा लागतो. सात मिलिमीटर! माझ्या बोटाचं गेलेलं पेर याच्या तिप्पट होतं, तरी हे सात मिलिमीटर परत मिळाले त्याचा आनंद मी कुणाला सांगू शकत नव्हतो. व्हर्निअर लावून पुन्हा पुन्हा मोजले.

मधल्या सुट्टीत कॅन्टीनला मी दुसरा खेळ खेळायचो. त्याला गिटार लागत नाही. गिटारच्या दांड्याचं चित्र येतं, एका ठिकाणी ठिपका लुकलुकतो आणि तिथल्या सुराचं नाव ओळखायचं असतं, सी, डी, ई, एफ अशा अक्षरांत. वेळ लावून खेळायचा. सुरुवातीला ती अक्षरं माझ्या डोक्यात राहीनात. आमच्या घरात सुरांची नावं वेगळी होती. आई भजनी मंडळात गाते, आणि तिच्यासाठी सूर म्हणजे पेटीच्या पट्ट्या. पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन. शेवटी मी कॅलेंडरच्या पानामागं तक्ता केला. सी म्हणजे पांढरी एक, डी म्हणजे पांढरी दोन, एफ म्हणजे पांढरी चार, त्याच्या शेजारची काळी तीन, जी म्हणजे पांढरी पाच, ए म्हणजे पांढरी सहा. तक्ता झाल्यावर दांडा मला आडव्या पेटीसारखा दिसायला लागला, सहा पेट्या एकावर एक रचलेल्या. पाचव्या पडद्यावर दाबलेली तार खालच्या खुल्या तारेसारखीच बोलते, फक्त तिसरी तार चौथ्या पडद्यावर दुसरीला मिळते. ही एक वाकडी पायरी लक्षात राहायला मला दोन आठवडे लागले. माझ्यासमोर जेवायला बसणारा प्रेसवरचा सोबती आधी नुसता बघायचा, मग "बी आहे ते, बी," असं डब्यातून मान वर न काढता सांगायला लागला. त्यानं आयुष्यात गिटार हातात घेतलेली नाही.

हे खेळ काही आकाशातून पडले नाहीत. २००५ साली गिटार हिरो आला तेव्हा हातात प्लास्टिकची गिटार असायची, तारांच्या जागी पाच रंगीत बटणं. २०१० च्या रॉक बँड ३ मध्ये खऱ्या तारांची गिटार वापरता यायला लागली, आणि २०११ मध्ये युबिसॉफ्टच्या रॉकस्मिथनं घरातली इलेक्ट्रिक गिटार केबलनं थेट खेळाला जोडली. त्याच सुमाराला फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या एका लहानशा कंपनीनं मुलांसाठी वाइल्डकॉर्ड्स नावाचा खेळ केला. त्यात केबलही नको, आयपॅडचा माइक साध्या गिटारचा आवाज ऐकायचा. पुढं त्या कंपनीचंच यूझिशियन झालं, वाद्य शिकवणाऱ्या ॲपचं. मला मात्र २०११ चीच एक वेगळी गोष्ट आठवते. ९ जूनला, इलेक्ट्रिक गिटारच्या जडणघडणीतलं मोठं नाव असलेल्या लेस पॉलच्या ९६ व्या जयंतीला, गूगलच्या पहिल्या पानावर तारा आल्या होत्या. माउस फिरवला की वाजायच्या. स्टोअरच्या कॉम्प्युटरवर आम्ही तिघं-चौघं वाकून वाजवत होतो. माझ्या आयुष्यातली पहिली गिटार ती. तेव्हा माझी दहाही बोटं शाबूत होती आणि मला एका बोटापुरतंच वाजवायचं होतं.

मधले दोन आठवडे फार वाईट गेले. रात्री घरच्यांना त्रास नको म्हणून मी ब्लूटूथचे हेडफोन लावून खेळायला लागलो, आणि सगळे ठिपके पिवळे पडायला लागले. मी जितका नेटानं तालाला धरून वाजवी तितका उशीर. मला वाटलं, बोटं परत आखडली. दोन रात्री मी गिटार उचललीच नाही. लेकीनं विचारलं, मी टाळलं, तिनं फोन बघितला आणि जुना तारेचा हेडफोन आणून जोडला. ठिपके हिरवे झाले. बिनतारी हेडफोनमध्ये आवाज पोचायला १००-२०० मिलिसेकंद सहज लागतात. मिनिटाला ८० ठोक्यांच्या लयीत एक ठोका ७५० मिलिसेकंदांचा, म्हणजे पाव ठोक्याएवढा उशीर हेडफोनच करत होता. खोलीतल्या हवेतून मीटरभर यायला आवाजाला जेमतेम तीन मिलिसेकंद लागतात.

मला स्वतःचा राग यापायी आला की हे माझं रोजचं काम आहे. जॉब, म्हणजे बनून आलेला भाग, रिजेक्ट करण्याआधी तो मोजणारं गेज तपासायचं असतं. कॅलिब्रेशनची तारीख बघायची असते. नवीन पोरांना मी हेच शिकवतो, आणि स्वतःच्या हाताच्या बाबतीत मी गेज तपासलं नाही, हातच रिजेक्ट केला. अपघात झालेल्या माणसाला ही सवय लागते. काहीही बिघडलं की तो आधी आपल्या हाताकडे बघतो.

खेळाबद्दलच्या माझ्या तक्रारीही सांगायला हव्यात. आई आजारी होती तेव्हा चार दिवस मी दवाखान्यात होतो. घरी आल्यावर खेळ उघडला तर ६३ दिवसांची साखळी तुटल्याचं मोठ्या अक्षरांत लिहून आलं होतं. त्या रात्री मला ते वाचवलं नाही. लहान मुलाला असं रोजच्या हजेरीच्या धाकानं वाद्याला बांधू नये असं मला मनापासून वाटतं. साखळी टिकवायला म्हणून दोन मिनिटं वाजवून फोन ठेवणारी मुलं मी आमच्याच सोसायटीत पाहतो.

आणि दुसरी, जास्त मोलाची. आमच्याकडे गो-नोगो गेज असतं. दोन टोकांचं. एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. झालं तर पास. भोकाची फिनिश कशी आहे, आत ओरखडा आहे का, हे ते गेज सांगत नाही, ते त्याचं कामच नाही. खेळ असाच आहे. पडद्याच्या अगदी मागं बोट दाबलं तर तार स्वच्छ बोलते, मधोमध दाबलं तर झणझणते. सूर दोन्ही वेळी तोच असतो. खेळ दोन्ही वेळी हिरवा ठिपका देतो. सहा महिने मी झणझणणारं जी हिरव्यात पास करत होतो. ते मला आईनं सांगितलं.

आईचं माहेर पंचवटीतलं. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांचं नाव ती घरातल्या माणसाचं घ्यावं तसं घेते. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारे, स्वतःची स्वरलिपी करून गाणं कागदावर उतरवणारे पलुस्कर पुढं नाशिकला येऊन राहिले, इथं त्यांनी रामनाम आधार आश्रम काढला. आईला हे तिच्या मामांकडून कळलेलं. मी फोनवरून गिटार शिकतो हे ऐकून सोसायटीतले लोक हसले, तेव्हा आई म्हणाली, "कागदावरून शिकता येतं, तर यावरून का नाही येणार?" आणि लगेच पुढं, "पण तुझी ती जाडी तार किणकिणते, ती बघ आधी."

तिसरा खेळ तर तिनंच जिंकला. तो कानाचा. दोन सूर ऐकवतो, त्यांच्यातलं अंतर ओळखायचं. खाली इंग्रजी नावांची बटणं. मी अडखळत होतो आणि स्वयंपाकघरातून आवाज आला, "सा-प." मी परफेक्ट फिफ्थ दाबलं. बरोबर. पुढचे दोन सूर. "सा-म." परफेक्ट फोर्थ. "कोमल ग आहे तो." मायनर थर्ड. भाजी चिरता चिरता तिनं ओळीनं अकरा बरोबर सांगितले. बाराव्याला म्हणाली, "हा ग जरा चढा आहे, पण ग म्हण." मला ते मागाहून समजलं. गिटारचे पडदे सप्तकाचे १२ सारखे भाग करतात, पेटीही तशीच मिळवतात. त्यात शुद्ध गंधार तंबोऱ्यातून निघणाऱ्या गंधारापेक्षा चढा येतो. अर्ध्या स्वराचे १०० भाग केले तर साधारण १४ भागांनी. मोबाइलमध्ये ते १४ भाग टॉलरन्समध्ये, म्हणजे चालून जाणाऱ्या फरकात, बसतात. आईच्या कानाचं टॉलरन्स त्याहून कमी आहे.

मार्चमधली गोष्ट. मी एकेका सुराचा धडा करत होतो. तिसरी खुली तार, चार ठोके, थांब, परत तिसरी खुली तार. करंगळीचा विचार करता करता माझा एक आकडा सुटला. मी तार छेडलीच नाही. तरी ठिपका हिरवा झाला.

मला वाटलं आधीची तार अजून वाजत असेल. पुढचा आकडा मुद्दाम सोडला. तोही हिरवा. मी हात तारांवर ठेवून सगळ्या बुजवल्या आणि ऐकलं. मागच्या गॅलरीत आई कपडे घडी करत होती आणि तिचा सा लागला होता. तिची पट्टी पांढरी पाच. आजारपणानंतर ती शेजारच्या काळी चारवरून एवढी खाली आली होती. आणि खाली धरलेली पांढरी पाच म्हणजे गिटारची तिसरी खुली तार, १९६ हर्ट्झ.

"आई, इकडे ये ना जरा. फोनसमोर म्हण."

ती आली, चष्मा लावून स्क्रीनजवळ वाकली. सा लावला. हिरवा. परत लावला. हिरवा. तिला फार गंमत वाटली. मग मी धडा थांबवून ट्यूनर उघडला, सूर दाखवणारा काटा समोर आला. तिनं सा धरला, काटा मधोमध उभा राहिला. मग ती सा वरून रे कडे मींडेनं गेली, सावकाश, जशी भजनाच्या सुरुवातीला जाते. काटा सैरभैर झाला. जी म्हणाला, मग काहीच नाही, मग जी शार्प, मग परत काहीच नाही, मग ए. मधली सगळी वाट त्याच्यासाठी काहीच नव्हती. आई गायची थांबली आणि मला म्हणाली, "आता हे तू वाजवून दाखव."

गिटारवर हे येतं. तार दाबून बोटानं वर खेचायची, सूर चढत जातो. खेचायला सगळ्यात जास्त वापरतात ती अनामिका, पाठीमागून बाकीची बोटं जोर देतात. मी करंगळी ठेवली, तिच्यामागं ते तोकडं बोट टेकवलं, त्याच्यामागं मधलं. तोकड्या बोटाचं टोक तारेवर प्रथमच आलं होतं. तार त्या गुळगुळीत कातड्यात रुतली आणि कळ कोपरापर्यंत गेली. सूर अर्धा चढला आणि बुजला. "परत," आई म्हणाली.

हा धडा खेळात मिळाला असता तर वरच्या पायरीवर कुठंतरी मिळाला असता, ठरलेल्या गाण्यात, ठरलेल्या ठोक्याला. आई ठोका धरून बसत नाही. सूर पोचला की पुढं जाते, नाही पोचला तर "परत" म्हणते आणि कपड्यांची घडी घालत राहते. त्या दुपारी तिनं मला किती वेळा परत म्हटलं ते मी सांगू शकत नाही. फोनची स्क्रीन केव्हाच काळी झाली होती.

खेळ मी सोडलेला नाही. रोज सकाळी चहाआधी वीस मिनिटं तोच. कॉर्डवरून कॉर्डवर जायचा सराव मिनिट लावून करतो. जस्टिन सँडरको नावाचे ऑस्ट्रेलियन शिक्षक इंटरनेटवर हा सराव शिकवतात, मिनिटात किती वेळा स्वच्छ बदल झाला ते मोजायचं. जी ते सी, पहिल्या दिवशी सात. परवा ३१. करंगळीची मूठ आता पूर्ण मिटते. मॅडमना दाखवायला गेलो तेव्हा त्यांनी माझी बोटं उलटी-पालटी करून बघितली आणि टोकांवरचे घट्टे बघून विचारलं, हे कशानं?

गेल्या गुरुवारी आई मला दत्तमंदिरात भजनाला घेऊन गेली. गिटार खोळीतून काढल्यावर टाळ घेऊन बसलेल्या बायका थोड्या सरकल्या आणि मला पेटीशेजारी जागा झाली. मी सगळी तयारी पांढरी पाचची केली होती, जी, सी आणि डी, तीन आकार, रात्री दीडशे वेळा केलेले. पेटीवाल्या काकांनी भाता मोकळा केला, आईकडे बघितलं. आईची तब्येत त्या दिवशी छान होती. ती मला न विचारताच म्हणाली, "आज काळी चार घ्या."

काकांनी काळी चार धरली आणि माझ्याकडे बघितलं. त्यांची नजर माझ्या डाव्या हातावर गेली, तिथं क्षणभर थांबली. "जमेल का हो? नाहीतर आपण पांढरी पाचलाच धरू."

"नको, काळी चारच राहू द्या," मी म्हटलं, आणि कॅपो दुसऱ्या पडद्यावरून तिसऱ्यावर नेला.